अडीच वर्षांची लेक जेवत नाही, नुसतं दूध आणि बिस्किटं. काय करू?

चिमणघास:
लेक दिवसाला चार बाटल्या दूध पिते, 900 मिली तरी होतं. जेवायला दोन घास वरणभात, तोही मोबाइल लावला तरच. मग तोंड फिरवते. क्रीमचं बिस्किट मात्र कधीही चालतं. सासूबाई म्हणतात, "दूध पितेय ना, मग काळजी कसली?" वजन चांगलं आहे, पण हल्ली फार किरकिर करते. भिंतीचे पोपडे खाताना दोनदा सापडली. एखादी चांगली पावडर सुचवा ना.

नाचणीसत्त्व:
पावडरीचं नंतर बघू, आधी त्या पोपड्यांचं बघा. माती, खडू, पोपडे खावेसे वाटणं हे बरेचदा लोह कमी पडल्याचं लक्षण असतं. शिवाय जुन्या रंगात शिसंही असू शकतं. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) याबद्दल विचारा. माझ्या मुलाचं अगदी असंच होतं. गुटगुटीत होता म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो आणि हिमोग्लोबिन 8.2 निघालं. दुधात लोह जवळपास नसतंच, वर ते इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. आणि दुधानेच पोट भरलं तर भूक लागणार कुठून? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जवळपास 69 टक्के रक्तक्षयी निघाली होती. या वयात लोह फार दिवस कमी राहिलं तर मेंदूच्या वाढीला बसलेला फटका पुढे पूर्ण भरून निघेलच असं नाही, म्हणून एवढं कळकळीने लिहितेय.
आम्ही दूध 400 मिलीवर आणलं, तेही कपातून आणि जेवण झाल्यावर. पहिले चार दिवस घर डोक्यावर घेतलं. पाचव्या दिवशी स्वतःहून थालीपीठ मागितलं.

आजी_कोथरूड:
अगं, सासूबाईंना सोबत घेऊन जा डॉक्टरांकडे. आपण सांगितलेलं पटत नाही, डॉक्टरांचं पटतं. मीही सासूच आहे!
बिस्किटं घरात आणूच नका, डबा दिसला की हट्ट होणारच. ब्रिटनमध्ये साखरेचं रेशनिंग सप्टेंबर 1953 मध्ये उठलं. त्याआधी पोटात असताना आणि पहिली दोन वर्षं ज्यांना साखर मोजून मिळाली, त्यांना पुढे मधुमेहाचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी कमी होता, असं 2024 च्या एका अभ्यासात दिसलं. नातीच्या वेळी हे वाचलं आणि पेज, मऊ भात, आंबील सगळं साखरेशिवाय दिलं. नवी भाजी दहा-बारा वेळा ताटात आली की मग खाते, तोवर आग्रह नाही. ताटात काय वाढायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते तिने.

चिमणघास:
पोपड्यांचा असा संबंध असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्याची वेळ घेतलीय, सासूबाईही येतायत. रात्री दोनला बाटली मागते, ती कशी सोडवलीत?

नाचणीसत्त्व:
रोज 30 मिली कमी करत गेलो, शेवटी नुसतं पाणी दिलं. दहा दिवस लागले. रात्री नवऱ्याने उठायचं, आईच्या वासाने मुलं जास्त हटून बसतात.