मदत हवी आहे: कान्हेरी, सोपारा आणि वसई किल्ला एकाच दिवसात, सोबत गुडघे दुखणारी आत्या

नमस्कार मंडळी,

लातूरची आत्या दिवाळीनंतर आमच्याकडे बोरिवलीला येतेय. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण कान्हेरी, सोपारा पुस्तकाबाहेर कधी पाहिलं नाही. फोनवरच बजावलंय, "मॉल-बिल नको हं. अशोकाचं सोपारा दाखव."

बेत असा: सकाळी कान्हेरीची लेणी, दुपारी नालासोपाऱ्याचा स्तूप, उन्हं कलली की वसईचा किल्ला. पहिलं घराशेजारी, बाकी दोन विरार लोकलच्या वाटेवर. शिवाय कान्हेरीच्या शिलालेखांत सोपारा, कल्याण या जुन्या बंदरांतले दाते भेटतात. बंदरातला पैसा डोंगरात कसा मुरला, ते एका दिवसात बघून होईल असं मला वाटतंय. बायको म्हणते, आत्याला तू इतिहास शिकवणार का?

अडचण गुडघ्यांची. सपाटीवर तासभर चालते, जिनाही चढते. उतरताना मात्र कठडा धरून एकेक पाय. कान्हेरीच्या वरच्या लेण्यांकडे कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत, झिजून गुळगुळीत झालेल्या आणि कठडा नसलेल्या, एवढं कॉलेजच्या सहलीतलं आठवतंय. मध्ये एकदा गेलो तर नेमका सोमवार, गेटवरूनच परत. चूक माझीच.

वर न चढता कान्हेरीला काय बघून होईल? सोपाऱ्यात अशोकाचा शिलालेख नक्की कुठे ठेवलाय? आणि तिन्ही ठिकाणं झेपतील, की एक गाळू?

प्रतिसाद १

वसईकर बोलतोय. रविवार टाळा, मेगाब्लॉक असला तर अर्धा दिवस फलाटावर जाईल. शनिवारी सकाळी विरारकडे जाणाऱ्या गाड्यांत बसायला मिळतं, गर्दी उलट्या दिशेची असते.

किल्ला मोठा आहे, सगळा फिरायच्या भानगडीत पडू नका. रिक्षा आतपर्यंत जाते. चिमाजी अप्पांचा पुतळा, पोर्तुगीज चर्चचे छप्पर उडालेले सांगाडे, मग दर्या दरवाजा, एवढं पुरे. चर्चच्या मनोऱ्यातला गोल जिना अंधारा आणि अरुंद आहे, आत्यांना खालीच थांबवा. १७३९ ची मोहीम त्याच तुम्हाला सांगतील! दर्या दरवाज्याबाहेर कोळ्यांच्या होड्या आणि वाळत घातलेली मासळी. वास सोसणार असेल तर सूर्यास्त तिथेच बघा.

प्रतिसाद २

सोपाऱ्यात शिलालेख शोधत बसू नका, तिथे नाही. अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये सापडला, नवव्याचा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला. शिलालेख बघायचा तर मुंबईच्या फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठा. स्तूप खणणाऱ्या भगवानलाल इंद्रजींना आत मिळालेले अवशेषांचे करंडक एशियाटिक सोसायटीकडे आहेत. जागेवर उरलाय तो विटांचा ढिगारा, लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणायचे. अर्धा तास पुष्कळ झाला, पण गाळू नका.

कान्हेरीत तीन नंबरचं चैत्यगृह (बौद्ध प्रार्थनागृह) सुरुवातीलाच आहे, थोड्याच पायऱ्या. व्हरांड्याच्या दोन टोकांना उभे असलेले दोन प्रचंड बुद्ध बघा. जवळच अकरा नंबरचं 'दरबार' लेणं, आत दगडाचे दोन लांबलचक बाक. लेण्यांपाशी पाण्याच्या टाक्या दिसतील, शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय. हे आत्यांना विचारू नका, माहीतच असेल. वरची लेणी सोडून द्या. उद्यानाच्या गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, चालत जायचा उत्साह दाखवू नका.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. आत्याला भीत भीत सांगितलं, शिलालेख सोपाऱ्यात नाही म्हणून. म्हणाली, "अरे, मुंबईत आहे तो, मी पोरांना शिकवलंय. मला जागा बघायचीय." म्हणजे स्तूप पक्का, वस्तुसंग्रहालय दुसऱ्या दिवशी. वसईकर, एकच राहिलं: सुकेळी (वाळवलेली केळी) त्या दिवसांत मिळतात का, आणि किल्ल्याहून स्टेशनला परतताना कुठे?