कॅम्पर व्हॅनला ट्युबलर बॅटरी की लिथियम? माझं मत ठरलंय

घोडबंदरकर:
जुन्या व्हॅनच्या मागच्या सीटा काढून झोपायची सोय केली. आत फ्रीज, दोन पंखे, दिवे. आजवर इन्व्हर्टरची १५० एएच (अँपिअर-तास) ट्युबलर, म्हणजे पाणी टाकायची लेड-ॲसिड बॅटरी, वापरली. मे महिन्यात गुहागरला दोन दिवस गाडी एकाच जागी उभी होती. दुसऱ्या रात्री फ्रीज बंद पडला आणि सकाळी सुरमई टाकून द्यावी लागली. बॅटरी उचलली तर टर्मिनलवर हिरवट-पांढरा बुरा आणि खालचा पत्रा ॲसिडने खाल्लेला. गाडीत राहायचं असेल तर लिथियमच घ्या, तीही लिथियम आयर्न फॉस्फेट.

नेरुळकर:
नाही पटत. हिशोब करा. फ्रीज ४५ वॅटचा, निम्मा वेळ चालला तरी १२ व्होल्टवर दिवसाला ४५ एएच. २० वॅटचे दोन पंखे रात्रभर, आणखी २५-२७. ट्युबलर निम्मीच वापरायची असते, म्हणजे ७५. ती पहिल्याच दिवशी संपली, मग दुसऱ्या रात्री काय चालणार? पाणी शेवटचं कधी टाकलं होतं? ट्युबलर कोकणात कुठल्याही तालुक्याला मिळते. लिथियमचा बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट, तिथे गेला तर कोण बघणार?

घोडबंदरकर:
पाणी बघितलं नव्हतं, चूक माझीच. पण निम्मीच वापरायची तर ५०-५५ किलोचं धूड कशाला वाहायचं? १०० एएच लिथियम १२ किलोच्या आसपास, आणि ८० एएच बिनघोर मिळतात. शिवाय ट्युबलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते. पावसात आम्ही काचा लावून झोपतो. ज्या बाकाखाली बॅटरी, त्याच बाकावर माझी मुलगी झोपते.

रबाळ्याचा वायरमन:
लिथियम घ्या, पण जुनी काढून तिथेच नवी जोडू नका. रिकामी लिथियम अल्टरनेटरमधून (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) मिळेल तेवढा करंट ओढते. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन आयडलवर, अल्टरनेटरचा पंखा हळू. तेव्हाच तो तापून जळतो. मधे करंटला लगाम घालणारा ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच, आणि बॅटरीला खेटून फ्यूज. इंजिन स्टार्टची बॅटरी वेगळी, तिला हात लावू नका.

नेरुळकर:
हायड्रोजनचं खरं आहे. माणसं झोपतात तिथे उघडी ट्युबलर मीही ठेवणार नाही. पण मग एजीएम घ्या ना, पाणी न लागणारी सीलबंद लेड-ॲसिड! वर्षातून चार वेळा कोकणात जाणाऱ्याने लिथियम, चार्जर, नवं वायरिंग एवढा खर्च का करावा? आणि उद्या हिवाळ्यात स्पीतीला निघालात, तर शून्याखाली लिथियम चार्ज करता येत नाही.

घोडबंदरकर:
स्पीती डोक्यात नाही, आम्ही कोकणातलेच. एजीएमही निम्मीच वापरायची आणि वजनालाही तशीच, म्हणून नको. वायरमनदादा, पुढून मागे ५ मीटर अंतर आहे. १० चौरस मिमीची वायर चालेल?

रबाळ्याचा वायरमन:
जाऊन-येऊन १० मीटर झाली. ३० अँपिअरला त्यात अर्धा व्होल्ट जातो. १६ ची घाला, तांब्याचीच. आणि चार्जर मागे, लिथियमजवळ बसवा.