वकील परवडत नाही म्हणून वॉरंट निघाल्यावर लपून बसायचं?

खडूस_कारकून
काल इथे एका महाशयांनी सल्ला दिला: "वकिलाला पैसे नसतील तर हजरच होऊ नका, वॉरंट आपोआप मरतं." खाली चार जणांनी "खरंय" म्हणून माना डोलावल्या. अहो, वॉरंट मरत नसतं! बजावलं जाईपर्यंत किंवा काढणारं कोर्ट रद्द करेपर्यंत ते जिवंत असतं. आधी सीआरपीसीचं (जुना फौजदारी प्रक्रिया कायदा) कलम ७० होतं, १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसचं (त्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ७२ आहे. लपलात की पुढे फरारी म्हणून जाहीरनामा, मग जप्ती.

स्वतः जा. ज्या कोर्टाने वॉरंट काढलं तिथेच, सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या केसेस, सुरू व्हायच्या आत. बेंच क्लर्कला, म्हणजे जजसमोर बसणाऱ्या कारकुनाला, केस नंबर द्या. वॉरंट रद्द करण्याचा साधा अर्ज करा, तारखेला का आलो नाही ते दोन ओळींत लिहा, दवाखान्याचे कागद असतील तर जोडा. वकील नाही? कोर्टाच्या आवारातच विधी सेवेचं (गरजूंना मोफत वकील देणारं सरकारी) ऑफिस असतं, आधी तिथे जा. १५१०० वर फोनही लागतो.

तिसरा_पुकारा
कलमं पाठ आहेत, कोर्टाची पायरी चढलात का कधी? माझा भाऊ असाच शहाणपणा करून गेला. चेक बाउन्सची केस, म्हणजे जामीनपात्र, जामीन हक्काने मिळतो असा गुन्हा. जजसाहेबांनी मान वर न करता सांगितलं, "कस्टडीत घ्या." दुपारभर हवालदाराशेजारी भिंतीला टेकून उभा. वहिनी बाहेर व्हरांड्यात दिसेल त्या काळ्या कोटामागे धावत होती. कर्ज काढा, पण वकिलाशिवाय जाऊ नका.

खडूस_कारकून
संध्याकाळी घरी आला ना? घरून उचलला असता तर? आणि जामीनपात्र असलं तरी बाँड (हजर राहण्याची लेखी हमी) लिहून देऊन तारखा चुकवल्या की कोर्ट जामीन नाकारू शकतं. ते चुकवणं वकिलाने केलं का?

तिसरा_पुकारा
आला, कारण मेहुणा जामीन राहिला. नाहीतर वकील असून काय दिवे लावणार होता?

भाड्याचं_घर
आत्ता मुद्द्यावर आलात. वकील मिळतो हो, जामीनदार मिळत नाही! रेशन कार्ड, घरपट्टीची पावती, पगाराची स्लिप, सातबारा. आमच्यासारख्या भाडेकरूंनी कुठून आणायचा असा माणूस? आवारात फिरणारे धंदेवाईक जामीनदार मात्र सगळ्यांना माहीत, फक्त साहेबांना नाही.

नको_रे_बाबा
मी राहिलो होतो मित्राला जामीन. तो तारखेला गेला नाही, नोटीस मला: बाँडची रक्कम का वसूल करू नये? ऑफिसातून रजा काढून मी कोर्टात, आणि हा पठ्ठ्या परवा लग्नात भेटला तर म्हणतो, "काय, दिसत नाहीस हल्ली?"

खडूस_कारकून
धागा जामीनदारांचा नाहीये.

भाड्याचं_घर
आहे! १९७८ची मोतीरामची केस वाचा. गवंडी माणूस. खालच्या कोर्टाने १०,००० रुपयांचा जामीन मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तोही नाकारला. सुप्रीम कोर्टाने तेव्हाच कान उपटले. अजून काय बदललं?

सडेतोड_७७
कसाबला सरकारी खर्चाने वकील, आणि प्रामाणिक माणसाने उसनवारी करायची. वा रे देश.

काळा_डगला
त्याच कसाबच्या २०१२च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की प्रत्येक आरोपीला पहिल्यांदा हजर करताना मॅजिस्ट्रेटने सांगायलाच हवं, वकील मिळेल, पैसे नसतील तर सरकार देईल. तो तुमचाही हक्क आहे, रागावताय कशाला? बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेला कुणीही, यांना उत्पन्नाची अटही नाही.

सडेतोड_७७
फुकटचा वकील फुकटाइतकंच काम करतो.

काळा_डगला
मी विधी सेवेच्या वकिलांच्या पॅनलवर आहे. आमचं मानधन किती ते ऐकलंत तर तुम्हीच मला चहा पाजाल. तरी वॉरंट रद्द करायला लागतात दोन पानं, ती आम्ही नीट लिहितो. पण कारकूनसाहेब, तुमचा सल्ला चुकलेल्या तारखेपुरता ठीक. गंभीर गुन्ह्यात पहिल्यांदाच वॉरंट निघालं असेल तर "सकाळी जा, क्लर्कला सांगा" एवढ्यावर माणूस थेट आत जाईल. तिथे आधी विधी सेवेचा वकील, मगच कोर्ट. हे लिहिलं नाहीत तर तुमच्यात आणि त्या महाशयांत फरक काय?

खडूस_कारकून
बरं, मान्य, महाराज. टाकतो वर.

तिसरा_पुकारा
हेही टाका: जामीनदार बरोबर न्या. नसेल तर रोख रकमेवर किंवा जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्याच हमीवर) सोडा, असं अर्जातच मागा. लपू नये हे मीही कबूल करतो, उगाच शेफारू नका.

खडूस_कारकून
चला, एवढं तरी पदरात पडलं. भाऊ पुढच्या तारखेला गेला ना?

तिसरा_पुकारा
ते मेहुण्याला विचारा.