मदत हवी आहे: नेट बंद पडलं तरच लॉग क्लाउडवर पोचतात!

खानापूर_रोड:
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या काही दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर मी बेळगावात बसून सांभाळतो. काट्यावरचं वजन, फॅट-एसएनएफ (दुधातले स्निग्धांश सोडून बाकीचे घन घटक) मशीनचं रीडिंग, पावती छापली का नाही, सगळं केंद्रावरच्या पीसीत एका फाइलीत लॉग म्हणून, ओळीमागे एक नोंद असं, पडतं. "काल फॅट ४.१ होतं, आज ३.४ कसं काय?" म्हणत शेतकरी पावती घेऊन उभा राहिला की हीच फाइल उघडावी लागते. त्यासाठी भर पावसात कणकुंबीपर्यंत गाडी कोण मारणार? म्हणून फ्लुएंट बिट (फाइलीतले लॉग वाचून पुढे पाठवणारा प्रोग्राम) बसवून लॉग क्लाउडवॉचच्या (अ‍ॅमेझॉनची क्लाउडवर लॉग साठवायची सेवा) मुंबई रीजनला पाठवायला लावले.

आता गंमत बघा. शहराला लागून असलेल्या केंद्रावर फायबर आहे, नेट कधी जात नाही, तर तिथले लॉग जवळजवळ शून्य. जांबोटीच्या पुढच्या केंद्रावर पाऊस लागला की अर्धा अर्धा दिवस नेट गायब, पण तिथले भरपूर येतात. तेही सगळे नाहीत. सकाळच्या पाळीला नेट नव्हतं आणि दुपारी आलं, तर सकाळचे पोचतात. नेट सुरू असताना झालेली संध्याकाळची पाळी मात्र कुठेच दिसत नाही. उलटं व्हायला पाहिजे की!

परवानग्या बरोबर आहेत, लॉग स्ट्रीम (क्लाउडवॉचमधली एका केंद्राच्या नोंदींची रांग) आपोआप तयार होते. फ्लुएंट बिट एरर देत नाही. डिस्कवरचा बफर (नेट येईपर्यंत ओळी साठवून ठेवायची जागा) चालू आहे, नाहीतर जांबोटीकडचे आलेच नसते. पीसीचं घड्याळ बरोबर, कन्सोलमधली (क्लाउडवॉचचं वेबपान) वेळही बरोबर. सभासद नंबर वगळून ओळ अशी असते:

२०२५-०७-०९ ०६:४०:१२ वजन ८.४ फॅट ४.१ पावती छापली

टिळकवाडी_२:
ओळीत शेतकऱ्याचं नाव पण जातं का, कन्नड किंवा मराठीत? यूटीएफ-८ मध्ये दोन्ही लिप्यांचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. साइजची मर्यादा ओलांडत नाही ना, बघा.

खानापूर_रोड:
नाव नाही, फक्त सभासद नंबर. ओळी एवढ्याशा आहेत, साइजचा प्रश्न वाटत नाही.

निपाणीकर:
साइज सोडा. कन्सोल यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) ठेवलाय की लोकल वेळेवर?

खानापूर_रोड:
यूटीसी. आधीपासून तसाच आहे.

निपाणीकर:
मग सापडलं. यूटीसीवर ठेवून सकाळचं ६:४० चं दूध ६:४० लाच दिसतंय, म्हणजेच वेळ चुकीची आहे. तिथे १:१० दिसायला हवं होतं.

तुमच्या ओळीत टाइमझोन नाही. पार्सरला (फ्लुएंट बिटमधला, ओळीतून वेळ वगैरे वेगळं काढणारा भाग) वेगळं काही सांगितलं नसेल तर फ्लुएंट बिट ती वेळ यूटीसी धरतो. म्हणजे क्लाउडवॉचच्या हिशेबाने तुमचं दूध दुपारी १२:१० ला पडणार आहे, साडेपाच तास पुढे. आणि २ तासांपेक्षा जास्त भविष्यातली नोंद क्लाउडवॉच घेत नाही. नेट जाऊन तीच ओळ सकाळी १०:१० नंतर पोचली की फरक २ तासांच्या आत येतो आणि ती मुकाट आत जाते. किमान साडेतीन तास उशीर झालेलेच लॉग तुम्हाला मिळतायत. जांबोटीच्या पावसाचे उपकार माना!

एरर का नाही? कारण विनंती यशस्वी झाली असंच उत्तर येतं. टाकून दिलेल्या ओळींचा उल्लेख त्या उत्तरातच 'रिजेक्टेड लॉग इव्हेंट्स इन्फो' या नावाखाली असतो, तो कोण वाचतो? कमांड लाइनवरून एक ओळ मुद्दाम साडेपाच तास पुढची पाठवून बघा, दिसेल.

उपाय: पार्सरमध्ये 'टाइम ऑफसेट' +०५३० द्या. त्याहून बरं म्हणजे अ‍ॅपच वेळेपुढे +०५:३० लिहू दे आणि पार्सरच्या टाइम फॉरमॅटमध्ये तो भाग धरा. उद्या पार्सर बदलला तरी वांधा नको.

खानापूर_रोड:
अण्णा, फायबरवाल्या केंद्रावर आत्ता ऑफसेट टाकला. संध्याकाळची पाळी चालू आहे आणि ओळी पडतायत! आता मागचे राहिलेले कसे चढवायचे? फाइली केंद्रावर आहेत.

निपाणीकर:
१४ दिवसांच्या आतलेच चढतील, त्यामुळे आजच घ्या. फ्लुएंट बिट फाइल कुठपर्यंत वाचली ते आपल्या डीबी फाइलीत ठेवतो, म्हणून नवीन डीबीचं नाव द्या आणि फाइल सुरुवातीपासून वाचायला सांगा. स्वतः स्क्रिप्ट लिहिणार असाल तर एका बॅचमध्ये (एकदम पाठवलेल्या ओळींचा गठ्ठा) २४ तासांपेक्षा जास्त अंतराच्या ओळी घालू नका.

आणि हे सगळं वेगळ्या लॉग ग्रुपमध्ये (क्लाउडवॉचमधला लॉग स्ट्रीमचा गट). जुन्या ग्रुपमध्ये जांबोटीकडच्या ओळी साडेपाच तास पुढच्या वेळेने बसल्यात, त्यातच परत टाकलंत तर एकाच दुधाच्या दोन नोंदी दिसतील. मग पावतीवरून भांडायला आलेल्या माणसाला काय दाखवणार? नव्या ग्रुपला रिटेन्शन (लॉग किती दिवस ठेवायचे ती मुदत) आठवणीने लावा, नाही लावलं तर लॉग कायमचे साठत राहतात आणि बिलही.

खानापूर_रोड:
१४ दिवसांपूर्वीच्या फाइली झिप करून बाजूला ठेवतो. रिटेन्शन ९० दिवस पुरेल का? आमच्याकडे तक्रारी बहुतेक दहा दिवसांचं बिल निघालं की येतात.

टिळकवाडी_२:
पुरेल की. ऑडिटला जुनं लागलं तर झिप आहेच.