लांब आरएनए मशीनवर ओवायचा की एन्झाइमवर सोडायचा?

पाटीपेन्सिल: क्रिस्पर या जनुक-कात्रीला कुठे कापायचं ते सांगणारा गाइड आरएनए साधारण १०० न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे १०० मण्यांची माळ. तो रासायनिक पद्धतीने एकेक मणी ओवून करणं ही निव्वळ हौस आहे, असं माझं मत. हिशोब करा: दर जोडणीला ९९ टक्के यश धरलं, तरी शेवटी पूर्ण लांबीचे रेणू उरतात ३७ टक्के. ९८ वर घसरलात तर १३-१४. बाकी तुटका माल, वर अ‍ॅसिटोनायट्राइल या द्रावकाचे कॅनच्या कॅन. टी७ पॉलिमरेज हे एन्झाइम डीएनएच्या साच्यावरून हेच काम एका ट्यूबमध्ये काही तासांत उरकतं. कोविड लशीतला चार हजारांवरचा आरएनए काय कोणी मणी ओवून केला?

नारिंगी_थेंब: गणित बरोबर, निष्कर्ष चूक. त्या लशीत झाडून सगळे यू (आरएनएच्या चार अक्षरांपैकी एक) बदललेले चालतात. गाइडमध्ये मला दोन्ही टोकांचे तीन-तीनच बदलायचेत: २'-ओ-मिथाइल आणि फॉस्फोरोथायोएट हे रासायनिक बदल, म्हणजे आरएनए तोडणारे न्यूक्लिएज एन्झाइम टोकाकडून कुरतडत नाहीत. टी७ला 'फक्त इथेच' कसं सांगणार? शिवाय ते टोकाला ट्रायफॉस्फेट (तीन फॉस्फेटांची साखळी) ठेवून जातं आणि पेशी विषाणू आला म्हणून बोंब ठोकते.

कॅन मात्र खरे आहेत. मी रोज मशीनपाशी असते. दर फेरीला मण्याच्या टोकावरचं झाकण, ट्रायटिल, सुटतं, नळीत नारिंगी रंग उतरतो. साठाव्या मण्यानंतर तो फिका पडला, म्हणजे जोडण्या फसल्या, की पोटात गोळा येतो. बहुतेकदा कारण एकच, कुठूनतरी शिरलेलं पाणी. जुलैत तर विचारूच नका.

पाटीपेन्सिल: ट्रायफॉस्फेट फॉस्फेटेज एन्झाइमने निघतं हो. तुम्ही ९९ चा रेणू १०० पासून एचपीएलसीवर (रेणू वेगळे करणारं यंत्र) वेगळा करून दाखवा!

नारिंगी_थेंब: दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. पण कॅपिंग असतं. अडलेली साखळी तिथल्या तिथे बंद होते, त्यामुळे कचरा बराचसा आखूड.

सांधेवाला: एका दमात १०० कशाला? ५० चे दोन करा, प्रत्येकी ६१ टक्के. डीएनएच्या पट्टीवर शेजारी बसवा, टी४ डीएनए लायगेज या एन्झाइमने सांधा. मूर आणि शार्प या संशोधकांनी १९९२ मध्येच दाखवलंय. शांघायवाल्यांनी तर १९८१ मध्ये यीस्टचा ७६ चा टीआरएनए (प्रथिनं बनताना अमिनो आम्लं आणणारा आरएनए), बदललेल्या बेससकट, तुकडे सांधूनच केला होता.

नारिंगी_थेंब: गाइड स्वतःवरच घडी घालतो, पट्टी बसतच नाही. आधी तापवा, मग हळूहळू थंड करा, तरी अर्धा माल सुटाच.

पाटीपेन्सिल: मग सांधताच कशाला? जिवाणूत गाइडचे दोन भाग, क्रिस्पर-आरएनए आणि ट्रेसर-आरएनए, वेगळेच असतात, २०१२ मध्ये त्यांचा एक केला तो माणसांनी. दोन आखूड रेणू करा, ट्यूबमध्ये एकत्र टाका.