हिरडी 'भरून येते' की तिचं 'पुनर्जनन' होतं?

अनुवादिका
गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्याचं माहितीपत्रक मराठीत करतेय. विषय: खनिज संयुगं आणि मूलपेशी (ज्यांपासून शरीरातल्या इतर पेशी बनतात त्या) वापरून हिरडी परत वाढवणं. 'हिरडीच्या ऊतींचे पुनर्जनन' लिहिलं, तर बाकावरच्या आजी म्हणाल्या, "पुनर्जन्म? दातांचा?" सोपं काय लिहू?

पंचवटीकर
'हिरडी भरून येणे', झालं. आणि मूलपेशी कशाला? स्कंधपेशी म्हणा.

चष्मेवाला
म्हणजे खांद्यातल्या पेशी दातात?

पंचवटीकर
स्कंध म्हणजे झाडाचं खोडही. कोश उघडा जरा.

अनुवादिका
'मूलपेशी'वरून मूल आठवलं तरी बिघडत नाही. २००३ मध्ये अशा पेशी पडलेल्या दुधाच्या दातांतही सापडल्या की!

दातवाली
धंद्याने डेंटिस्ट, म्हणून बोलते. 'भरून येणे' नको, पेशंटला दात भरल्यासारखं वाटतं. शिवाय नुसती साफसफाई केली तरी हिरडी दाताला चिकटते, पण वरवर. दात आणि हाड यांना बांधणारे तंतू, मुळावरचा सिमेंटम नावाचा कठीण थर, हाड हे सगळं मूळच्या घडणीत परत आलं तर ते पुनर्जनन. त्या तंतूंच्या बंधातल्या मूलपेशी २००४ मध्ये मिळाल्या. 'खनिज संयुगं' हेही मोघम आहे. कॅल्शियम सिलिकेट म्हणायचंय का? त्यातलंच १९९३ मध्ये आलेलं एमटीए हे दातांसाठीचं मिश्रण बहुतांशी बांधकामातलं पोर्टलंड सिमेंटच, ओलाव्यात घट्ट होतं. पण ते मुख्यतः दाताच्या मुळाच्या उपचाराला. मूलपेशींनी हिरडी वाढवणं अजून बरंचसं संशोधनात आहे, तेही छापा.

चष्मेवाला
म्हणजे गवंडीच बोलवायचा! बाकी 'ऊती' बरोबर, 'ऊतक' हिंदी.

पंचवटीकर
विश्वकोशात ऊतक आहे. तोही हिंदी का?

चष्मेवाला
शाळेच्या पुस्तकात ऊती आहे. पोरं तेच शिकतात.

गोदाकाठ
हिरडी शब्द हिरड्यावरून आला असणार. आजी हिरड्याची पूड चोळायची.

पंचवटीकर
हिरडा हरीतकीवरून आला. पूड चोळली म्हणून अवयवाला नाव पडतं होय? मग मिसरी चोळणाऱ्यांच्या हिरडीला काय म्हणाल?

गोदाकाठ
मिसरी नाही हो, मिश्री.

दातवाली
काहीही म्हणा, तंबाखूच आहे ती. हिरडी दातावरून मागे सरकते ती त्यानेही.

पंचवटीकर
आमच्याकडे मिसरीच म्हणतात. मिश्री म्हणजे खडीसाखर.

अनुवादिका
पत्रक उद्या छापायला जातंय हो!

गोदाकाठ
खडीसाखरेला मिश्री हिंदीत म्हणतात. पुन्हा हिंदी!