दहा मेगाहर्ट्झवर रात्रभर टिकटिक, कोण आहे हे?

नौपाडेकर: बाबांचा जुना ट्रान्झिस्टर माळ्यावरून काढला, गॅलरीत कपड्यांच्या दोरीच्या जागी तांब्याची वायर ताणली. (टॉवेल कुठे वाळत घालू, असं बायको विचारतेय.) रात्री अकरानंतर १० मेगाहर्ट्झच्या आसपास सेकंदाला एक ठक्. मध्येच पाच मिनिटं ठोके थांबतात, पण खरखर वाढत नाही, म्हणजे केंद्राची मूळ लहर चालूच. हेरगिरीबिरगिरी नाही ना?

ऐरोलीची अँटेना: आधी चार्जर, एलईडी ट्यूब, राउटर बंद करा. रेडिओ सेलवर लावा. निम्मी गूढं तिथेच संपतात.

नौपाडेकर: केलं. खरखर गेली, ठक्-ठक् उलट स्वच्छ झाली.

घोडबंदरकर: मग चीनचं बीपीएम हे रेडिओ केंद्र असणार. शाआन्शी प्रांतातून प्रमाणवेळ देतं, २.५, ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर. दर तासाच्या १० ते १५ आणि ४० ते ४५ मिनिटांत ठोक्यांशिवाय नुसती लहर. २५ ते २९ आणि ५५ ते ५९ मध्ये ठोका लांबट, १० ऐवजी १०० मिलिसेकंदांचा. खूण पटवायची तर २९व्या किंवा ५९व्या मिनिटाला कान लावा: मोर्समध्ये (टिंब-रेषांच्या संकेतांत) नाव, मग चिनी बोलणारी बाई. इंग्रजी बोलली तर हवाईचं, असंच वेळ देणारं केंद्र. हेरांची हौस असेल तर ४६२५ किलोहर्ट्झवर रशियन ‘बझर’ शोधा, सतत गुरगुरणारं गूढ केंद्र.

नौपाडेकर: बाई आली, चिनीच! आमचं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे निघालं. टॉवेल अजून सोफ्यावर.